सासूबाईंच्या हाडांच्या गोळ्या: कोणती कधी द्यायची?

जुळे_सोलापूर
सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. डेक्सामध्ये (हाडांच्या घनतेची तपासणी) मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.८ आला; म्हणजे हाडं ठिसूळ. लिहून दिलेली औषधं: हाडांची झीज रोखणारं अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ दोन वेळा, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे. थायरॉइडची गोळी आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोल आधीपासून चालू आहे. कॅल्शियम सुरू झाल्यापासून पोट फुगतं, शौचाला खडा होतो. जेवणात तीन ज्वारीच्या भाकऱ्या, डाळ-भाजी, शेंगा चटणी, पेलाभर दूध, वाटीभर दही. शेजारच्या काकू म्हणतात, गोळ्या बंद करा, दह्यातून चुना द्या. काय करावं?

औषधपेटी
आधी वेळा नीट लावा, निम्मा घोळ तिथंच असतो.

अ‍ॅलेन्ड्रोनेटला एक वार ठरवा. त्या दिवशी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळायची. बोअरचं जड पाणी नको, त्यातलं कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं. पुढं अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकून झाडलोटही नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथं जखम होते. बसवत नसेल किंवा गिळायला त्रास असेल तर ही गोळी त्यांच्यासाठी नाही, डॉक्टरांना तसं सांगा. अर्ध्या तासाने थायरॉइडची गोळी, त्यानंतर आणखी अर्ध्या-पाऊण तासाने चहा. बाकी दिवशी थायरॉइड नेहमीसारखी.

कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा, नाहीतर टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) विनाकारण वाढलेला दिसेल आणि डोस वाढवला जाईल. म्हणजे कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. दोन्ही एकदम देऊ नका, एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर शोषण घटत जातं.

आता पोटाचं. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि पॅन्टोप्राझोल नेमकं तेच कमी करतं. अशा वेळी कॅल्शियम सिट्रेट बरं पडतं, जेवणाची अटही नाही आणि मलावरोधही कमी. बदलून मिळेल का विचारा. पॅन्टोप्राझोलची अजून गरज आहे का हेही विचारा, वर्षानुवर्षं घेतल्यास ते हाडांच्या बाजूचं नाही. फक्त पाकीट उलटून वाचा: १२५० मिग्रॅ कार्बोनेटमध्ये खरं कॅल्शियम ५०० असतं, १००० मिग्रॅ सिट्रेटमध्ये जेमतेम २१०.

भाकरी_आणि_ठेचा
दोन गोळ्या लागतातच का, ते आधी ताटात मोजा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १२०० मिग्रॅ आहे, अन्न धरून.

पेलाभर (२५० मिली) गाईचं दूध साधारण ३००, वाटीभर दही १८०. ज्वारी मात्र याबाबतीत गरीब, १०० ग्रॅम पिठात तीसच्या आसपास. तीन भाकऱ्यांचे मिळून पन्नास. शेंगदाण्यातही १०० ग्रॅमला पन्नासच, आणि चटणी खाऊन खाऊन किती खाणार! डाळ-भाजी धरून सगळं ६५० च्या घरात जाईल. उरलेल्या साडेपाचशेला एक ५०० ची गोळी जवळपास पुरते. हा हिशोब कागदावर मांडून डॉक्टरांना दाखवा.

एका वेळची भाकरी नाचणीची केलीत (१०० ग्रॅम पिठात साधारण ३५०) तर आणखी भर पडते.  राजगिऱ्याच्या पालेभाजीचे आणि तिळाचे आकडे मोठे दिसतात, पण कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. डाळ, दही, अंडं कमी करू नका, हाडाला प्रथिनंही लागतात.

साधं_सांगतो
चुन्याबद्दल. गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात कॅल्शियम पंचवीस मिलिग्रॅमच्याही पुढं जात नाही, चमचाभर दुधाइतकं. जास्त घातला तर तोंड आणि घसा भाजतो. काकूंना वाईट वाटणार नाही असं सांगा, पण चुना नको.

त्याहून मोठी चूक पुडीची. 'आठवड्याला एक' असं असताना रोज एक दिली जाते. मग रक्तात कॅल्शियम चढतं: सतत तहान, मळमळ, मलावरोध, गुंगी, पुढं मूत्रपिंडावर ताण. पुडीवर वार लिहून ठेवा. जेवणानंतर दुधातून द्या, ड स्निग्धात विरघळतं. काही कॅल्शियमच्या गोळ्यांत कॅल्सिट्रिऑल असतं, म्हणजे तयार सक्रिय ड. पुडी चालू असताना तीच गोळी हवी का, हे दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा.

जुळे_सोलापूर
पुडीऐवजी ऊन चालेल का? ऊन तर इथं फुकट आहे. आणि वर्षाला ड चं एकच मोठं इंजेक्शन?

साधं_सांगतो
सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात ड जवळजवळ होत नाही. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, आणि मे महिन्यात त्या वेळी म्हाताऱ्या माणसाला बसवणं धोक्याचं. पुडी चालू द्या. इंजेक्शन स्वतःहून नको: २०१० च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वर्षाला एकदम ५ लाख युनिट तोंडाने घेणाऱ्या वृद्ध स्त्रिया कमी नाही, जास्त पडल्या आणि फ्रॅक्चरही वाढले.

औषधपेटी
एक राहिलं. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) तपासलंय ना? मूत्रपिंडाचं काम (ईजीएफआर) ३५ च्या खाली असेल तर अ‍ॅलेन्ड्रोनेट देत नाहीत. आणि कॅल्शियम-ड कितीही काटेकोर दिलं तरी उणे २.८ वर मुख्य औषध आठवड्याची गोळीच आहे. पोटाला त्रास होतो म्हणून तीच बंद केली, असं व्हायला नको.