‘गरजू’ आणि ‘वंचित’ : अर्थ एकच का?

प्रश्न : मी शाळेत शिकवते. आमची नववीची मुलं सेवाकार्याच्या तासाला वस्तीतल्या लहान मुलांना वाचायला शिकवतात. अहवालाच्या कागदावर ‘गरजू मुलांना मदत’ असं छापलेलं आहे. एका मुलीने ‘गरजू’ खोडून वर ‘वंचित’ लिहिलं. सहकारी म्हणतात, दोन्ही एकच. मला ते पटत नाही, पण फरक नेमका सांगता येईना.

उत्तर : एक नाहीत. ‘गरज’ अरबी-फारसीतून आलेला शब्द. गरजू म्हणजे ज्याला काही कमी आहे तो. का कमी आहे, हे त्या शब्दात कुठेच येत नाही. उलट ‘गरजवंताला अक्कल नसते’ म्हणून आपण दोषही त्याच्याच पदरात टाकतो. ‘वंचित’ संस्कृत ‘वञ्च्’ धातूवरून आला. वञ्च् म्हणजे फसवणे. वंचना, प्रवंचना त्याच घरातल्या. म्हणजे वंचित हा मुळात फसवला गेलेला. रूप कर्मणी आहे, तेव्हा कर्ता वाक्यात दिसला नाही तरी कुठेतरी असणारच. त्याला शोधायला निघणं म्हणजेच विषमता शिकणं, असं मी मानतो. जोएल वेस्टहायमर आणि जोसेफ काह्न या शिक्षणाच्या अभ्यासकांनी २००४ मध्ये नागरिकांचे तीन प्रकार मांडले : एक भुकेल्यांसाठी धान्य देतो, दुसरा ते गोळा करण्याची मोहीम उभारतो, तिसरा लोक उपाशी का राहतात ते विचारतो. तुमची विद्यार्थिनी तिसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली आहे. तिला शाबासकी द्या.

आणखी एकाचं उत्तर : पटलं, पण भीती वाटते. ‘वंचित’ हाही शिक्का होतो. समोर बसलेल्या मुलाला नाव असताना त्याला ‘वंचित’ का म्हणायचं? व्याकरणाचीच मदत घ्या. ‘गरजू’ एकटा उभा राहतो, ‘वंचित’ला ‘पासून’ लागतं. कशापासून, ते लिहिल्याशिवाय तो शब्द वापरूच देऊ नका.

प्रश्नकर्ती : कागद बदलला. आता ‘……पासून वंचित’ अशी मोकळी जागा आहे. बहुतेकांनी ‘शिक्षणापासून’ लिहिलं. एकाने ‘झोपेपासून’ लिहिलंय : त्याच्याकडे वाचायला येणारा मुलगा रात्री धाकट्या बहिणीला सांभाळतो, आई रात्रपाळीला असते. यावर वर्गात तासभर बोलणं झालं. आता प्रश्न त्याच ओळीतल्या दुसऱ्या शब्दाचा. ‘मदत’ तसाच ठेवावा का?