टायरमध्ये हवा किती ठेवायची? ३२, ४० की ४४?

नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारी भाचीच्या लग्नाला इंदूरहून पुण्याला गाडीनंच निघतोय. आम्ही दोघं, सासू-सासरे, लेक. डिकी गच्च, त्यात नातेवाइकांसाठी पाच किलो लौंग शेव. सहाशेच्या आसपास किलोमीटर, मानपूरच्या पुढचा घाट, आणि मे महिना.

पंपावरचा मुलगा न विचारता ४० भरतो. टोकलं तर म्हणतो, "लाँग पे जा रहे हो ना, टाइट रखो." शेजारच्या काकांचं मत उलटं : उन्हाळ्यात दोन पॉइंट कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटतो. आमच्या अहोंनी उकिडवं बसून टायरच्या कडेवर ४४ शोधून काढलंय नि तेव्हापासून तेच धरून बसलेत.

मी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचा स्टिकर ओल्या फडक्यानं पुसला. तीन माणसांच्या चित्रासमोर चारही चाकांना २२०. पाच माणसं आणि बॅग, तिथे मागच्या चाकांना २५०. हे कशात आहे? शिवाय परवा दुपारी पंपावर ३३ दाखवलं, काल पहाटे घरच्या गेजवर तेच चाक २९! खरं कोण?

प्रतिसाद १
दोन्ही खरे, ताई. दुपारच्या उन्हात उभी गाडी, त्यावर पंपापर्यंत चालवलेली. टायर तापला की आतली हवा तापते, दाब चढतो. साधारण साडेपाच अंशांना एक पॉइंट, म्हणजे एक पीएसआय, धरा. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजलेला. २२० किलोपास्कल म्हणजे ३२, २५० म्हणजे ३६. तुमचं ओझं बघता पुढे ३२, मागे ३६. ४४ ही त्या टायरची कमाल मर्यादा, तुमच्या गाडीचं माप नव्हे. अहोंना हळूच सांगा.

प्रतिसाद २
काकांचं ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, कडा सतत वाकतात, त्यानंच जास्त तापतो. भर उन्हात हायवेवर फुटतो तो बहुतेक असाच. धुळ्याच्या अलीकडे चहाला थांबलात आणि गेजवर ३९-४० दिसलं तर हवा काढू नका, थंड झाल्यावर कमी पडेल. आणि हो, स्टेपनी! ती तपासायला कुणालाच आठवत नाही.

प्रतिसाद ३
नायट्रोजन भरून घ्या, कटकटच नको.

प्रतिसाद २
साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, राव. फुकट मिळत असेल तर भरा.

मूळ प्रश्नकर्ती
आज सकाळी सहाला, गाडी हलवायच्या आत मोजलं. तीन चाकं २९, मागचं डावं २३. वॉल्व्हची टोपी काढून सासऱ्यांनी बोटानं थुंकी लावली (त्यांची जुनी सवय), एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून नवा वॉल्व्ह बसवून घेतला. स्टेपनीत १८ होती. आता पुढे ३२, मागे ३६, स्टेपनीतही ३६. उद्या पहाटे पुन्हा बघते, त्या डाव्या चाकावर अजून भरवसा नाही.