विंडोज १० संपलं म्हणून लॅपटॉप भंगारात घालायचा?

ग्रँटरोडकर

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: "विंडोज १० बंद झालं आहे. जुन्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार केलेत तर खातं रिकामं होईल. ८ जीबी रॅमचे दिवस गेले. आजच जुना लॅपटॉप एक्स्चेंजला द्या आणि एआय पीसी घ्या." पुढे ढकलणारे भल्यासाठीच ढकलतात, पण लिहिणाऱ्याला माल खपवायचाय हे उघड आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले, एवढंच झालं. एज ब्राउझरचे अपडेट आणि डिफेंडरच्या व्हायरस-याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलंय. धोका आहे, तो नाकारत नाही. विंडोजच्या गाभ्यात नवं भोक सापडलं तर ते बुजवलं जाणार नाही, आणि अशी भोकं साठत जातात. पण त्यावर घरगुती मशीनसाठी ईएसयू ही वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आवृत्ती २२एच२ हवी, खातं ॲडमिनचं हवं, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन हवं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथेच नोंदणीचा दुवा दिसतो. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर १,००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर.

आता "जुन्या मशीनला विंडोज ११ झेपत नाही" हा दुकानात ऐकू येणारा दावा. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. त्यामुळे चार कोअरचा आय७-७७००एचक्यू बाद आणि दोन कोअरचा सेलेरॉन एन४०२० पास! ज्याने ही दोन्ही मशीन वापरलीत त्याने सांगावं, कुठलं जास्त ओझं उचलतं. आणि आठव्या पिढीचं मशीन नापास दाखवत असेल तर आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये जा. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने ती सोय असते, पुष्कळदा नुसती बंद असते.

जे खरंच बाद आहेत त्यांच्यासाठी विंडोजऐवजी बसणारी मोफत प्रणाली, लिनक्स मिंट २२, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. २०२९ पर्यंत अपडेट आहेत. मात्र बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवा आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर जागं होणं, हे चारही तपासा. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर बहुधा नेट दिसणारच नाही. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो ड्रायव्हर स्वतः शोधून देतो.

आणि त्याही आधी फिरती हार्ड डिस्क काढा. लॅपटॉप "स्लो" असतो तो ५४०० आरपीएमच्या डिस्कमुळे. अडीच इंची, ७ मिमी जाडीचा सॅटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क, जुन्याच सॅटा जोडणीची) घ्या. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावा, नाहीतर कनेक्टर हलतो. बॅटरी आतली असेल तर तिचा कनेक्टर सगळ्यात आधी सोडवा. एम.२ खाच दिसली म्हणून लगेच एनव्हीएमई (दुसऱ्या, वेगवान जोडणीचा एसएसडी) विकत घेऊ नका, त्या काळच्या कित्येक मॉडेलांत ती खाच फक्त सॅटाची असते. रॅम घेताना आधी प्रकार बघा; लॅपटॉप डीडीआर३ जातीचा असेल तर डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टचीच मागा. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये टाकलीत तर स्क्रीन काळीच राहील, आणि दुकानदार सांगेल की बोर्ड गेला.

दादर_डीटीपी

लिनक्सचा सल्ला देणाऱ्यांना एकच विचारायचंय: काम काय करता त्यावर? व्हिडिओ बघणं आणि मेल, हे तर फोनवरही होतं. दादर ते लालबाग पट्ट्यातल्या डीटीपीवाल्याच्या मशीनवर काय असतं? श्री-लिपी किंवा आयएसएम हे मराठी फॉन्टचे प्रोग्राम, आणि पानं मांडायला पेजमेकर, कोरल. लग्नपत्रिका, मंडळाचा अहवाल, दिवाळी अंकाची जाहिरात, सगळं त्यात. यातलं एकही लिनक्सवर धड चालत नाही. वीस वर्षांच्या फाइली त्यात आहेत. तेव्हा "मिंट टाका" हे सल्ले कृपा करून ज्यांचं पोट त्या मशीनवर नाही त्यांनाच द्या.

हिशेबनीस

दादरवाल्या दादांशी सहमत. लेखापालांचंही तेच. टॅली विंडोजचं. डिजिटल सहीच्या टोकनची (सही साठवलेल्या यूएसबी किल्लीची) लायब्ररी लिनक्सला मिळते, पण पोर्टलवर सही उमटवणारा छोटा प्रोग्राम बऱ्याचदा विंडोजपुरताच तपासलेला असतो, आणि तो अडकतो नेमका विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी.

आणि ग्रँटरोडकर, तुम्ही "बायॉसमध्ये जा" इतक्या सहज लिहिलंत, पुढचं कोण सांगणार? पीटीटी किंवा सिक्युअर बूट हलवलं की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. नव्या लॅपटॉपांत डिस्क कारखान्यातूनच एन्क्रिप्ट असते, मालकाला पत्ताही नसतो. की मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं दुकानदाराने खरेदीच्या वेळी स्वतःच्या मेलवर उघडलेलं असतं. मग डेटा गेला तो गेलाच. आधी बिटलॉकर "सस्पेंड" करा, की कागदावर उतरवा, मग बायॉसला हात लावा.

ग्रँटरोडकर

ताई, बिटलॉकरचा मुद्दा पूर्ण मान्य, पहिल्याच लेखात यायला हवा होता. त्याला जोडून: मिंटच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर बायॉसमध्ये स्टोरेज (डिस्क जोडण्याची पद्धत) "आरएसटी" किंवा "रेड" वर असतं, ते एएचसीआय करावं लागतं. विंडोज ठेवायचं असेल तर तो बदल सेफ मोडमधून करा, थेट केलात तर निळी स्क्रीन.

टॅली आणि सही असलेल्यांनी ईएसयू घ्यावं, लिनक्सच्या नादी लागू नये. मी ज्या संदेशाला उत्तर देतोय तो घरी बसलेल्या काका-काकूंना पाठवलेला आहे.

मुक्तलिपी

दादर_डीटीपी, वीस वर्षांच्या फाइली अडकल्या याचा दोष लिनक्सला देताय? त्या अडकवल्या त्या फॉन्टनी. त्या फाइलीत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरांचे संकेत आहेत, फॉन्ट त्यावर देवनागरीचे तुकडे चढवतो. फॉन्ट गेला की उरतो कचरा. पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून मेलमध्ये चिकटवून बघा. कुठल्याही यंत्राला शोधता येत नाही, अंधांच्या स्क्रीन-रीडरला वाचता येत नाही. मुंबईतल्या किती दिवाळी अंकांचा नव्वदीतला मजकूर असा कुलपात पडलाय! युनिकोड, म्हणजे अक्षरांना ठरलेले संकेत देणारं जागतिक मानक, त्यात देवनागरी १९९१ पासून आहे. आता कुठली सबब?

दादर_डीटीपी

सबब? बरं, मग ऐका. रूपांतर कोणी केलंय का प्रत्यक्षात, की नुसतं बोलायचं?

जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि रफार नंतर. युनिकोडात नेमकं उलट. कन्व्हर्टरला वेलांटी अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यावी लागते. "स्थिती" मध्ये ती स आणि थ च्या मधे अडकली की शब्द फुटला. "कार्यकर्त्यांनी" मध्ये दोन रफार, एक जरी चुकीच्या अक्षरावर बसला तरी ओळ बाद. साधा मजकूर म्हणून कॉपी केलात तर फॉन्टची माहिती गळते, आणि मधला प्रत्येक इंग्रजी शब्द देवनागरीचं भजं होऊन येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे चंद्राकृती र, "ऱ्य" मधला. "आचाऱ्यांना" जेवण दिलं होतं, कन्व्हर्टरने ते "आचार्यांना" केलं. दोन्ही शब्द बरोबर, त्यामुळे स्पेलचेक गप्प. ते माणसानेच वाचून पकडायचं. २०० पानांचा अहवाल पुन्हा वाचायचे पैसे कोण देतं? मंडळ देतं? लेखक देतो?

आणि युनिकोडात ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. गिऱ्हाईक म्हणतं, ही आमची अक्षरं नाहीत.

मुक्तलिपी

ल आणि श ही युनिकोडची चूक नाहीच, उगाच काहीही त्याच्या माथी मारू नका. मजकुराला भाषा कोणती लावलीय ते बघा. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) साधने, पर्याय, भाषा या वाटेने जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथे हिंदी काढून मराठी ठेवा. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टात मराठी वळण आतच आहे, भाषा कळली की ते उमटतं. एवढंही नको असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात मुळातच मराठी ल आणि श आहेत. तो आणि मुंबईच्याच एक टाइपचा मुक्त, दोन्ही खुल्या परवान्याचे. छापा, छापलेलं विका, कोणी विचारणार नाही.

चंद्राकृती र टंकायला इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. लिनक्समध्ये कीबोर्ड लेआउटच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक, म्हणजे इंग्रजी उच्चाराने टंकणं हवं तर आयबस या लिनक्सच्या टंकन-सोयीत एम१७एन घ्या.

रूपांतराच्या चुका होतात, हे मान्य करावं लागेल. पण त्यावर उपाय आहेत. मजकूर आरटीएफ या फाइल-प्रकारात काढा म्हणजे फॉन्टची माहिती टिकते आणि इंग्रजी शब्द वाचतात. मग "र्य", "र्ह", "र्व" या तीन जोड्या शोधा आणि फक्त तेवढेच शब्द डोळ्यांखालून घाला. २०० पानं वाचायची गरज नाही.

दादर_डीटीपी

तीन जोड्या पुरत नाहीत. तुमच्याच युनिकोडात तो र दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकदा नुक्तावाला ऱ आणि हलन्त, एकदा साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. दिसायला एक, शोधायला दोन. ॲ चंही तसंच, कोणी एकसंध अक्षर टंकतो, कोणी अ वर चंद्र चढवतो. एक शोधलं की दुसरं सापडत नाही. आधी तुमचं घर आवरा, मग आमच्या फॉन्टना कचरा म्हणा.

मुक्तलिपी

आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. दोन तऱ्हा आहेत, खरंय. आधी एका फाइंड-रिप्लेसने सगळे एका तऱ्हेत आणा, मग शोधा. तुमच्या फॉन्टात तर प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, श्री-लिपीची फाइल आयएसएमच्या फॉन्टात उघडत नाही. दोन आणि वीस यांत फरक नाही का?

वरळी_नाका

दोघांनी फॉन्टवरून धागा पळवलाय, मूळ मुद्दा एआय पीसीचा होता. त्याला सरसकट फसवणूक म्हणणं चूक आहे. एनपीयू, म्हणजे एआयची कामं करणारी वेगळी चिप, असलेल्या मशीनवर कॉलमधला आवाज साफ करणं, मागचं दृश्य धूसर करणं ही कामं प्रोसेसरवरून उतरतात, बॅटरी वाचते. शिवाय आता मराठी बोलून टाइप करता येतं, म्हणजे तुमचा हा कीबोर्डचा वादच निकालात.

ग्रँटरोडकर

बॅटरीचं बरोबर आहे. बोलून टाइप करण्याचं नाही. गूगल डॉक्समधलं मराठी व्हॉइस टायपिंग नेटवरून सर्व्हरवर चालतं, क्रोम आणि बरा माइक असला की सहाव्या पिढीच्या लॅपटॉपवरही तितकंच. त्यात एनपीयूचा हात नाही. मायक्रोसॉफ्टचं कोपायलट प्लस हे नाव मिळायला ४० टॉप्सचा (सेकंदाला ४० लाख कोटी क्रियांचा) एनपीयू, १६ जीबी रॅम, २५६ जीबी साठवण लागते. यातल्या १६ जीबीचा उपयोग रोज जाणवेल, ४० टॉप्सचा कशात, ते विकणाऱ्याला नेमकं विचारा. स्टिकरवर नुसतं "एआय" लिहिलं म्हणून ते ४० टॉप्सचं होतही नाही.

हिशेबनीस

प्रिंटरबद्दल कोणीच बोललं नाही. सीए आणि वकिलांच्या ऑफिसांत कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर अजून जागोजागी आहे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना, ६४ बिटवर ३२ बिटच्या लायब्रऱ्या शोधत बसतो. एचपीचा १०२० चालतो, पण एचपीएलआयपी या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं, कारण तो प्रिंटर दर वेळी चालू झाल्यावर स्वतःचं फर्मवेअर (आतला प्रोग्राम) कॉम्प्युटरकडून मागतो. हे न सांगता मिंट बसवून दिलंत तर दुसऱ्या दिवशी फोन येणारच.

दादर_डीटीपी

हे खरं कामाचं बोलणं.

मुक्तलिपी, एवढं मानतो: दरवर्षी परत येणारं काम, म्हणजे मंडळाचा अहवाल, सभासदांची यादी, युनिकोडात न्यायला हवं. नाव एकदा सुधारलं की पुढच्या वर्षी सुधारलेलंच मिळेल. पत्रिका मात्र पेजमेकरमध्येच राहणार, एकदा छापली की ती फाइल कोणी उघडत नाही. आणि पानं मांडायच्या त्या मोफत स्क्रायबसचं नाव काढू नका, त्यात देवनागरी तुटते.

मुक्तलिपी

१.४ मध्ये तुटायची. १.६ मध्ये जोडाक्षरं नीट बसतात, छपाईचे सीएमवायके रंग आणि छपाईची पीडीएफ-एक्स दोन्ही निघतं. छापखान्याला शेवटी पीडीएफच लागते. एक पान करून पाहा आणि तुटलेलं अक्षर इथे दाखवा, मग बोलू.

दादर_डीटीपी

दाखवतो. पण पेजमेकरचं मशीन विंडोज १० वर आहे, त्याचं काय करू तेवढं सांगा. श्री-लिपीला डोंगल लागतं, परवान्याची ती किल्ली जोडल्याशिवाय ती चालत नाही.

ग्रँटरोडकर

डोंगल यूएसबीचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, जुनं विंडोज बसवा, त्या व्हीएमचं नेटवर्क कार्ड काढून टाका आणि यूएसबी फिल्टरमध्ये डोंगल जोडा. खालची प्रणाली लिनक्स असेल तर तुमचं खातं व्हीबॉक्सयूझर्स गटात टाका, नाहीतर डोंगल यादीत दिसणारच नाही. फाइली सामायिक फोल्डरमधून आत-बाहेर करा. डोंगल जुन्या २५ पिनी पॅरलल पोर्टचं असेल तर व्हीएमचा विचार सोडा. ते मशीन नेटपासून तोडून आहे तसं चालवा आणि या आठवड्यातच क्लोनझिला या मोफत प्रोग्रामने डिस्कची पूर्ण प्रतिमा बाहेरच्या ड्राइव्हवर घेऊन ठेवा.