ईकोच्या सीटखालची धग आणि तापणारे छत: चिकट उष्णतारोधक शीट कोणती व कुठे लावावी?

प्रश्न (परभणी)
नमस्कार. माझ्याकडे मारुती ईको आहे. तिचे इंजिन पुढच्या सीटखालीच असल्याने दुपारी नांदेडकडे निघालो की वसमत येईपर्यंत सीट खालून तापते आणि वरून छताचा पत्रा धग सोडत राहतो. वडिलांना नांदेडच्या दवाखान्यात न्यावे लागते व त्यांना ही उष्णता सोसत नाही. दुकानदार काळी, जड, एका बाजूला चकचकीत असलेली शीट सगळीकडे लावा म्हणतात. ती योग्य ठरेल का?

उत्तर १ (लातूर)
दादा, ती शीट बहुधा ब्यूटाइल रबराची असावी. पत्र्याची थरथर आणि आवाज कमी करणे हे तिचे काम. उष्णता ती फारशी अडवत नाही. छतासाठी तिचे मोजके तुकडे पत्र्याच्या मधल्या, ठोकल्यावर घुमणाऱ्या भागावर लावावेत आणि त्यावर बंद पेशींचा (ज्यातले हवेचे बारीक कप्पे एकमेकांपासून बंद असतात असा), साधारण 6 ते 10 मिमी जाडीचा फोम सलग बसवावा. फोमवर फॉइल असेल तर ती खाली, छताच्या आतल्या अस्तराकडे यावी आणि मध्ये थोडी पोकळी राहावी, कारण फॉइलचा खरा उपयोग समोर हवा असतानाच होतो. अस्तर तिला घट्ट टेकले, तर ती उष्णता सरळ पुढे देते.

स्वस्त डांबरी शीट छताला मुळीच लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीचे छत त्याहून कितीतरी अधिक तापते. मग डांबर मऊ पडते, गाडीत वास कोंडतो आणि शीट सुटून अस्तरावर लोंबते.

काम सकाळी सावलीत करावे. काळ्या मातीची बारीक धूळ पत्र्यावर राहिली तर डिंक पत्र्याला न धरता धुळीलाच धरतो, म्हणून आधी कोरडे आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. मागचा कागद एकदम न सोलता वीतभर सोलत जावे आणि रोलर मधून कडांकडे दाबून फिरवावा.

उत्तर २ (जालना, गॅरेज)
लातूरच्या भाऊंनी छताचे नेमके सांगितले आहे. इंजिनाकडे मात्र तोच फोम चालणार नाही, कारण साधा पॉलिथिलीन फोम 100 अंशांच्या आसपास मऊ होतो. तिथे काचतंतूंवर ॲल्युमिनियम असलेली, तापमानाची मर्यादा छापलेली शीट घ्या आणि इंजिन पूर्ण थंड असताना सीटखालच्या इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, फॉइल इंजिनाकडे ठेवून लावा. एक्झॉस्टच्या जवळ कोणतीही चिकट शीट नको. सुटून गरम पाइपवर पडली तर पेट घेऊ शकते. तिथली कंपनीची धातूची ढाल जागेवर आहे ना, एवढे पाहा. गाडी सीएनजीवर असेल तर गॅसच्या नळ्या व सांधे झाकू नका.

त्याआधी झाकणाच्या कडेचे रबर तपासा. ते दबले किंवा चिरले असेल, तर गरम हवा फटीतून थेट वर येते आणि वर कितीही शीट लावल्या तरी फरक पडत नाही.

उत्तर ३ (बीड)
काचांतून येणारे ऊनही थोडे नसते. फिल्म लावणार असाल तर केंद्रीय मोटार वाहन नियम 100 लक्षात ठेवा: पुढच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा.

प्रश्नकर्ता (परभणी)
आभारी आहे. झाकणाचे रबर एका कोपऱ्यात पार चपटे झालेले दिसले. ते बदलून घेतो आणि छताचे काम त्यानंतर हाती घेतो.