मदत हवी आहे: सुगंधी मेणबत्तीत मधोमध विहीर पडली आहे

पोहेवाली

नमस्कार मंडळी,

प्रश्न क्षुल्लक आहे, पण त्यावरून घरात रोज संध्याकाळी चर्चा झडते आहे, म्हणून धागा काढते.

माझी भाची हौसेने सुगंधी मेणबत्त्या बनवते. दिवाळीत तिने तीन दिल्या: मोगरा, वाळा आणि लव्हेंडर. काचेच्या ग्लासात ओतलेलं सोयाचं मेण, प्रत्येकी २०० ग्रॅम. ग्लासाचं तोंड पट्टीने मोजलं, साडेसात सेंटिमीटर आहे. मोगऱ्याची आधी लावायला घेतली. दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावलं की हॉलमध्ये हिलाही लावायची आणि कुकर चढवायला उठले की फुंकर मारून बंद. वीस-पंचवीस मिनिटं, फार तर.

आता दहा-बारा दिवसांनी तिच्यात मधोमध विहीर खणल्यासारखा खड्डा झालाय. कडेचं मेण जसंच्या तसं उभं, वात तळाशी, आणि लावली की वितळलेल्या मेणात बुडून दोन मिनिटांत मालवते. त्याआधी दोन-तीन दिवस धूरही करत होती, ग्लासाच्या आतून काळी काजळी धरली आहे. गंमत म्हणजे झाकण उघडलं की मोगरा घमघमतो आणि पेटवली की काहीच नाही. सासूबाईंचं म्हणणं, त्या वासाने त्यांचं डोकं चढतं. म्हणजे वास येतो, पण फक्त त्यांना!

भाचीला विचारायचा संकोच वाटतो, तिला वाटेल मावशी नावं ठेवतेय. लोडशेडिंगच्या काळात वाटी उपडी घालून तिच्यावर मेणबत्ती चिकटवणारी आमची पिढी, मेणबत्ती लावायचीही पद्धत असते हे ठाऊकच नव्हतं. माझं काय चुकतंय? आणि ही वाचवता येईल का? तज्ज्ञांनी प्रकाश टाकावा (श्लेष मुद्दाम केला आहे).

काडेपेटी

ताई, पंखा चालू असतो का?

पोहेवाली

ठाण्यात राहतो हो. बंद कधी असतो ते विचारा.

दीपमाळ

पोहेवालीताई, मेणबत्तीत खोट दिसत नाही. तुम्ही तिला निरांजनाच्या वेळापत्रकावर बसवलंत, तिथे गडबड झाली. समईत तेल आधीच पातळ असतं, वात ते ओढून घेते. पाच मिनिटं लावा नाहीतर रात्रभर, तिला फरक पडत नाही. मेणबत्तीला आपलं तेल आपणच तयार करावं लागतं. ज्योतीच्या आचेने मेण वितळतं, वातीतून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि खरं तर ती वाफ जळते. वीस मिनिटांत जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं मेण वितळणार आणि तेवढंच जळणार. दुसऱ्या दिवशी तोच खळगा आणखी खोल. कडेच्या मेणापर्यंत आच पोचतच नाही.

म्हणून नवी मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा मेणाचं तळं काचेच्या कडेला सगळीकडून टेकेपर्यंत मालवायची नाही. ढोबळ हिशोब असा की ग्लासाच्या रुंदीच्या दर इंचाला एक तास. तुमचा ग्लास तीन इंची, म्हणजे तीनेक तास. तेवढी सवड नसेल तर त्या दिवशी लावूच नका, उदबत्ती लावा. पण एका बैठकीला चार तासांच्या वर जाऊ नका. काच फार तापते आणि वातीच्या टोकाला काजळीचं बोंड येतं.

वास न येण्याचं कारणही हेच. सुगंधी तेल मेणात मुरलेलं असतं, ते पसरतं वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून. नाण्याएवढ्या तळ्यातून हॉलभर मोगरा कसा दरवळणार? शिवाय आपण त्याच खोलीत बसलो की नाक थोड्या वेळात सरावतं. बाहेर चक्कर मारून या, मग कळेल.

धुराचं कारण वात. आपल्याला समईची वात पुढे सारायची सवय, इथे उलटं, कापायची. दर वेळी लावण्याआधी, मेण थंड असताना, ५-६ मिलिमीटर ठेवून बाकीची छाटा. लांब वात गरजेपेक्षा जास्त मेण ओढते, ज्योत उंच होते, सगळं नीट जळत नाही आणि उरलेला कोळसा काचेवर बसतो. खास कात्र्या मिळतात, पण ग्लास भरलेला असेपर्यंत नेलकटर उत्तम चालतो. कापलेला तुकडा किंवा काडीचं टोक मेणात पडू देऊ नका, ते दुसऱ्या वातीसारखं पेटतं.

शंकासूर

थंडीत निरांजनात तूप थिजलेलं असतं. तेही वितळूनच जळतं की. मग निरांजनात विहीर का पडत नाही?

दीपमाळ

मान्य, सगळेच दिवे पातळ तेलाचे नसतात. पण तूप तळहातावर घेतलं तरी पातळ होतं, सोयाच्या मेणाला साधारण ४५ ते ५५ अंश लागतात. आणि निरांजन केवढंसं, धातूचं, पटकन सगळं तापतं. ते साडेसात सेंटिमीटरचं करून बघा, कदाचित पडेलही.

काडेपेटी

पंख्याचं विचारलं कारण अर्धा दोष त्याचा आहे. वाऱ्याने ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूचं मेण वितळतं, दुसरी बाजू कोरडी. ज्योत फडफडली की काजळीही वाढते. एसीच्या झोताखाली ठेवली तरी तेच. आम्ही उन्हाळ्यात लावतच नाही. उकाड्यात पंखा बंद करून मोगऱ्याचा वास घेण्यापेक्षा बाजारातून गजरा आणलेला बरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिचा मोसम.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या नागपुरात मे महिन्यात तर न पेटवताच वितळायला येते 😀 पारा ४५ च्या आसपास गेला की सोयाचं मेण लोण्यासारखं होतं, वर तेलाचे थेंब सुटतात. घाबरून फेकू नका, टिश्यूने टिपून घ्या. पश्चिमेच्या खिडकीत मात्र ठेवू नका, आणि झाकण लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा.

गोडबोले_नव्हे

सोपा उपाय: मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद. सगळं सपाट.

दीपमाळ

कृपा करून असं काही करू नका! वातीच्या बुडाशी पत्र्याची चकती असते, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतील.

विहीर बुजवायची तर दोन मार्ग. वात अजून पेटत असेल तर ग्लासाच्या तोंडावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टोपीसारखी बसवा, मध्ये ज्योतीसाठी मोठं भोक ठेवा. उष्णता आतच राहते आणि तास-दीड तासात कडेचं मेण खाली येतं. फॉइल आणि काच दोन्ही तापतात, तेव्हा समोर बसून राहा आणि नुसत्या हाताने काढू नका. ताईंची वात बुडतेय, म्हणून आधी हेअर ड्रायरने वरचं मेण वितळवा, वात उघडी पडेल इतकं मेण जुन्या वाटीत ओतून घ्या, थंड झाल्यावर वात छाटा, मग फॉइल. आणि ते मेण बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात जाऊन थिजतं.

इतिहासजमा

थोडं अवांतर. वात कापायचं काम पूर्वी फारच जिकिरीचं होतं. सुताची नुसती पिळलेली वात जळून ज्योतीत उभी राहायची, म्हणून दर थोड्या वेळाने ती छाटायला मुद्दाम कात्री बाळगत. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये काँबासेरेसने वेणीसारखी विणलेली वात आणली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या बाहेर हवेत येतं आणि आपोआप जळून जातं. तरी आजच्या सुगंधी मेणबत्तीत तेलामुळे बोंड धरतंच, म्हणून नेलकटर सुटला नाही.

स्नेहलता_७४

सासूबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. सुगंध कसलाही असो, जळताना धूर आणि वाफा हवेत जातातच, बंद खोलीत काहींना खरंच त्रास होतो. माझ्या बहिणीला दमा आहे, ती आली की आम्ही मेणबत्ती, उदबत्ती, धूप सगळं बंद ठेवतो. लावायचीच तर ज्योतीवर वारा येणार नाही अशी एखादी खिडकी किलकिली ठेवा, आणि फुंकर नको. फुंकरीने वात धुमसत राहते, त्या जळक्या वासानेच डोकं उठतं. धातूचं झाकण असेल तर ते ठेवून मालवा, नाहीतर चमच्याच्या दांड्याने वात मेणात बुडवून लगेच सरळ करा. पाणी चुकूनही नको, तापलेलं मेण अंगावर उडतं.

पोहेवाली

सर्वांचे मनापासून आभार. अपडेट देते.

पहिलं म्हणजे, बेसिनची सूचना मी मेण ओतून झाल्यावर वाचली. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

बाकी फॉइलचा उपाय लागू पडला. दीड तासात कडा खाली आल्या आणि पहिल्यांदाच पेटलेल्या मेणबत्तीचा मोगरा बाहेरच्या दारापर्यंत आला. पुतण्याने विचारलं, आज सत्यनारायण आहे का?

रविवारी वाळ्याची नवी काढली. पंखा बंद, सात ते दहा, सगळे घामाघूम, पण तळं काचेला टेकलं. सासूबाईंनी त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि नंतर कबूल केलं की वाळा त्यांना चालतो, मोगराच चढतो. त्यामुळे मोगरा आता त्या गावाला जातील तेव्हा.

शेवटचा प्रश्न: मोगऱ्याची तळापर्यंत जाळायची ना? आणि ग्लास इतका सुंदर आहे, तो कसा साफ करू?

दीपमाळ

तळापर्यंत नाही. सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबा, नाहीतर ज्योतीची आच थेट काचेच्या बुडाला लागते आणि ती तडकू शकते. मग ग्लास दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवा. मेण आकसतं, सुरीच्या टोकाने वडीसारखं सुटून येतं. बाहेर काढल्याबरोबर गरम पाणी घालू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग कोमट साबणाचं पाणी.

स्नेहलता_७४

आणि त्यात जिरं-मोहरी भरू नका हो. मी भरलं होतं. महिनाभर फोडणीला लव्हेंडर.