'पार्टिशन फंक्शन'ला वाटणी म्हणावं का?

काटोलकडची:
गुरुवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे, म्हणून विचारते. नागपुरात आम्ही भौतिक रसायनशास्त्रातल्या सांख्यिकीय यामिकीवर (स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स) आभासी परिसंवाद घेतोय. ऐकणारी बी.एस्सी.ची बरीच मुलं मराठी शाळांतून आलेली, तेव्हा व्याख्यानांचे सारांश मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. 'पार्टिशन फंक्शन'पाशी अडले. रेणू ऊर्जेच्या पातळ्यांवर कसे बसतात, त्या हिशेबातली ही राशी. मी 'वाटणी फलन' लिहिलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते खोडून 'विभाजन फलन' केलं. म्हणाले, वाटणी वावराची होते, रेणूंची नाही. मला ते पटलेलं नाही. ऊर्जेच्या पातळ्या ठरलेल्या असतात आणि कोणत्या पातळीवर किती रेणू बसतील ते तापमानावर ठरतं. ही वाटणी नाही तर काय? विभाजन म्हटलं की मुलांना पेशी आठवते. 'फाळणी' मात्र नकोच. का, ते जरीपटक्यातल्या, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांच्या वस्तीतल्या, कुठल्याही जुन्या घरात विचारा.

इतवारीवाला:
ताई, वाटणीच ठेवा. आमच्या आजोबांच्या वावराची वाटणी झाली तेव्हा ओलिताचा एक एकर म्हणजे कोरडवाहूचे दोन, असा हिशेब धरला होता. नुसते एकर मोजले नाहीत, प्रत्येक तुकड्याला वजन दिलं. या शास्त्राचा पाया घालणारा बोल्ट्झमन हेच करतो. पातळी जितकी वर, तितकं तिचं वजन कमी. 'विभाजन'मध्ये हे वजन कुठं दिसतं?

जुना मास्तर:
उदाहरण सुरेख आहे, पण शब्द चुकतोय. या राशीसाठी आपण झेड का लिहितो? जर्मनमधल्या 'त्सुश्टांड्सझुमे'मुळे, म्हणजे अवस्थांची बेरीज. 'पार्टिशन फंक्शन' हे नाव १९२२ मध्ये डार्विन आणि फाउलर यांनी आणलं. हा डार्विन म्हणजे उत्क्रांतीवाल्याचा नातू. एकाच गोष्टीला जर्मन बेरीज म्हणतात आणि इंग्रज वाटणी. खरी कोणती? आकडा बघा. तळची पातळी शून्य धरली तर आयोडीनच्या वाफेत कंपनांची ही बेरीज ३०० केल्विनला सुमारे १.५६ येते. नायट्रोजनची जवळजवळ १ येते, कारण त्याची वरची पातळी फार उंच, तिथं कुणी पोचतच नाही. आपल्या मे महिन्यातल्या ४७ अंशांना, म्हणजे ३२० केल्विनला, आयोडीनची १.६२ होते. किती अवस्था आवाक्यात आल्या, त्याचं हे माप आहे. वाटणी त्यानंतरची: एकेका पातळीचं वजन या बेरजेनं भागलं की तिचा वाटा मिळतो. म्हणून 'अवस्थाबेरीज'.

काटोलकडची:
सर, हे वाचून मलाच ती राशी नव्यानं कळली. पण मुलं परीक्षेत आणि पुस्तकात 'पार्टिशन' बघणार. 'अवस्थाबेरीज'वरून ती तिकडे पोचतील का?

धंतोली:
पोचतील, कंसात मूळ शब्द द्या. माझी हरकत वेगळीच आहे. तुम्ही 'आभासी परिसंवाद' लिहिलंत. आभास म्हणजे जे नाही ते असल्यासारखं वाटणं. शाळेत आपण शिकलो की आरशातली प्रतिमा आभासी, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. तुमचा परिसंवाद तर पडद्यावरच होणार! बोलणारी माणसं खरी, शंका खऱ्या. त्याला आभासी म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. 'दूरस्थ' म्हणा. आणि 'यामिकी'सुद्धा मला खटकते. संस्कृतात यामिक म्हणजे रात्रीचा पहारेकरी.

इतवारीवाला:
पहारेकरी आज कुणाला आठवतो? यामिकी रुळली. कोरोनाच्या दोन वर्षांत आभासीही रुळला. माझी मुलगी म्हणते, 'आभासी वर्ग होता', आणि घरात सगळ्यांना कळतं. कळलं की शब्द जिंकला.

धंतोली:
रुळला म्हणून बरोबर होत नाही, भाऊ. मुलांना याच शास्त्रात पुढे प्रकाशशास्त्र वाचायचंय. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ त्यांनी कसे सांभाळायचे?

वऱ्हाडी माणूस:
काहून भांडून राहिले बाप्पा? 'वाटणे'चं मूळ पाहा ना. संस्कृत 'वण्ट्', वाटून देणे. हिंदीतलं 'बांटना' त्यातलंच, आमची 'बटई', म्हणजे वाट्यानं शेती करणं, तीही त्यातलीच. माझी आई मिरच्या पाट्यावर वाटे, तेही वाटणंच. 'वरवंटा'त तर 'वंट' दिसूनच राहिला. एकाचे बारीक बारीक तुकडे करणं, अर्थ एकच.

जुना मास्तर:
'बटई' मान्य. पाट्यावरचं वाटणं मात्र मला वेगळं वाटतं. आणि हे 'वाटतं' तिसरंच. उच्चार जुळला म्हणून कूळ एक होत नाही.

वऱ्हाडी माणूस:
मंग 'वरवंटा' कुठून आला, सर? सांगाच.

काटोलकडची:
मी सध्या 'अवस्थाबेरीज' लिहून पुढे 'वाटणी फलन'ही ठेवते आहे. 'एन्सेंबल'लाही, म्हणजे एकाच व्यवस्थेच्या कल्पिलेल्या असंख्य प्रतींच्या समूहालाही, शब्द हवा. 'संच' गणितवाल्यांनी आधीच घेतलाय.

इतवारीवाला:
एन्सेंबलचं उद्या बघू, ताई. बटईत बियाणं मालकाचं की करणाऱ्याचं? आमच्याकडे अर्धं-अर्धं असायचं. त्यावरून 'अर्धेली' असा शब्द आजी वापरायची. तो आणखी कुणी ऐकलाय का?