मदत हवी आहे: 'अप विथ', 'आउट ऑफ', 'बॅक टू' हे डबल शेपूट नक्की कुठे लावायचं?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकजवळ द्राक्ष एक्स्पोर्टच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, म्हणजे पॅकिंग लिस्ट, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), बीएल (जहाजावर माल चढवल्याची पावती) आणि शिपिंग लाइनशी, म्हणजे जहाज कंपनीशी, दिवसभर मेलामेली. ग्रामर तसं बरं आहे, टेन्स वगैरे सांभाळून घेते, पण इंग्लंड-हॉलंडचे बायर लोक 'गेट', 'पुट', 'रन' असल्या साध्या क्रियापदांना छोटे छोटे शब्द चिकटवतात, आणि तेही एक नाही तर दोन दोन, तिथे गाडी अडते. 'पुट ऑफ', 'पुट आउट' वगैरे यादी बारावीला घोकली होती, अजून पाठ आहे, पण यादीत नुसता अर्थ असतो हो, वाक्यात त्याच्या पुढे काय येणार ते कुठे असतं!

कालची मेल बघा, नावं काढून टाकतेय:

"द व्हेसल इज हेल्ड अप, सो अवर बॉक्स हॅज बीन रोल्ड ओव्हर. प्लीज फॉलो अप विथ द लाइन ऑन धिस अँड गेट बॅक टू मी. वी आर रनिंग आउट ऑफ स्टॉक अँड आय कांट पुट अप विथ अनदर डीले."

अर्थ लागला. जहाज अडकलंय, कंटेनर पुढच्या जहाजावर ढकललाय, लाइनच्या मागे लागा आणि मला कळवा, आणि साहेब वैतागलेत. पण उत्तर लिहायला बसलं की एकेक शंका. 'फॉलो अप'ला विथ लावायचं की ऑन, की या पठ्ठ्याने लावलेत तसे दोन्ही? आमचे सर 'स्टॉक रॅन आउट' लिहितात आणि बायर 'रनिंग आउट ऑफ स्टॉक', बरोबर कोण? 'कॉल इट ऑफ'मध्ये इट मधे घुसतं मग 'पुट इट अप विथ' का नाही म्हणत? आणि 'कोप अप विथ' आमच्याकडे सगळे लिहितात पण कॉम्प्युटर त्याखाली रेघ मारतो, ते का?

याद्यांच्या लिंका प्लीज नको, त्या ढिगाने आहेत. यामागे काही लॉजिक असेल तर ते सांगा.

प्रतिसाद

ताई, लॉजिक आहे आणि तुम्हाला ते शाळेपासून येतंय. 'तो वर गेला' आणि 'तो झाडावर गेला' ही दोन वाक्यं घ्या. पहिल्यातलं 'वर' एकटं आहे, क्रियापदाचं आहे, ते क्रियाविशेषण अव्यय. दुसऱ्यातलं 'वर' झाडाला चिकटलंय, झाडाचं 'झाडा' असं सामान्यरूप करून, ते शब्दयोगी अव्यय. इंग्रजीतही हेच दोन प्रकार आहेत, पण तिथे चिकटवून लिहीत नाहीत आणि सामान्यरूपही नाही, त्यामुळे डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

आता वाचताना तोडून वाचा: 'फॉलो अप', मग 'विथ द लाइन', मग 'ऑन धिस'. 'अप' क्रियापदाचं, 'विथ' लाइनचं, 'ऑन' विषयाचं. ज्याच्या मागे लागायचं त्याला विथ, ज्या कामासाठी लागायचं त्याला ऑन, म्हणून एकाच वाक्यात दोन्ही सुखाने नांदतात. 'कॅच अप'चंही असंच, माणसाला गाठायचं तर 'कॅच अप विथ', तुंबलेलं काम उरकायचं तर 'कॅच अप ऑन'.

'रन आउट'मध्ये तुमचे सरही बरोबर आणि बायरही. संपलेली वस्तूच कर्ता असेल तर 'द स्टॉक रॅन आउट', पुढे नामच नाही तर ऑफ चिकटणार कशाला. ज्याच्याकडची वस्तू संपली तो कर्ता असेल तर 'वी रॅन आउट ऑफ स्टॉक'. आपण मराठीत 'साखर संपली' म्हणून मोकळे होतो, साखर संपल्यावर 'आम्ही संपलो' असं कोणी म्हणत नाही, म्हणून ही दुसरी रचना आपल्या तोंडात पटकन बसत नाही.

प्रतिसाद

वरच्यांनी छान सांगितलंय. इटचं मी सांगतो. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल' ही जोडी बघा. दिसायला जुळी, पण टेकडीच्या वाक्यात अप टेकडीचं आहे आणि बिलाच्या वाक्यात क्रियापदाचं, 'रन अप' म्हणजे बिल वाढवून ठेवणं. म्हणून टेकडीला 'रॅन अप इट' आणि बिलाला 'रॅन इट अप'. छोटा शब्द क्रियापदाचा असेल तर इट-देम-मी मधेच घालायचं, 'कॉल ऑफ इट' कधीच नाही. पूर्ण नाम असेल तर मात्र 'कॉल ऑफ द ऑर्डर' आणि 'कॉल द ऑर्डर ऑफ' दोन्ही चालतं. 'पुट अप विथ इट'मध्ये इट हे विथला बांधलेलं, ते विथ सोडून पुढे येणार कसं?

बोलताना कानालाही कळतं. 'कॉल इट ऑफ'मध्ये जोर ऑफवर येतो, 'लुक ॲट इट'मध्ये लुकवर.

धागाकर्ती

वा, वर आणि झाडावर एकदम क्लिक झालं! पण मग 'पुट अप विथ'मधलं नुसतं 'पुट अप' घेतलं तर सहन करणं असा अर्थ निघतो का?

प्रतिसाद

नाही, आणि तोडून वाचायची युक्ती इथे थकते. नुसतं 'पुट अप' म्हणजे तंबू-बोर्ड उभारणं किंवा पाहुण्याला रात्री ठेवून घेणं, 'वी कॅन पुट यू अप फॉर द नाइट'. विथ आलं की अर्थच बदलतो, तेव्हा ही तिकडी अख्खी पाठ करायची, इलाज नाही. आणि दोन शेपट्या असल्या की मधे काही येतच नाही असंही धरून चालू नका. 'डोन्ट टेक इट आउट ऑन मी', म्हणजे राग माझ्यावर काढू नकोस, यात इट मधे आहे, कारण ते टेकचं कर्म आहे आणि ऑनला त्याचं त्याचं 'मी' मिळालंय.

'कोप'चं म्हणाल तर ते मुळात 'कोप विथ' एवढंच. 'कीप अप विथ', 'पुट अप विथ' यांच्या पंगतीत बसून आपल्याकडे त्याला अप लागलं. भारतात सर्रास चालतं, बाहेरच्या मेलमध्ये काढून टाका. 'डिस्कस अबाउट'मधलं अबाउटही तसंच जादाचं. अजून एक, आपण कॉलेजमधून 'पास आउट' होतो, खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेडही असते, पण परदेशी माणसाला नुसतं 'आय पास्ड आउट इन 2019' लिहिलंत तर त्याला वाटेल तुम्ही चक्कर येऊन पडलात.

धागाकर्ती

हाहा, बायोडेटा बदलते आजच. आता उत्तर असं लिहिलंय, कोणीतरी नजर टाका:

"वी हॅव फॉलोड अप विथ द लाइन ऑन द न्यू व्हेसल. दे विल गेट बॅक टू अस टुमॉरो. प्लीज डोन्ट कॉल द ऑर्डर ऑफ. लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू."

प्रतिसाद

शेवटचं 'टू हिअरिंग फ्रॉम यू' करा, बाकी फर्स्ट क्लास. तो टू 'वॉन्ट टू गो'मधला टू नव्हे, हा नामाला चिकटणारा. शंका आली की टूच्या पुढे 'धिस' ठेवून बघायचं. 'लुकिंग फॉरवर्ड टू धिस' जमतं, 'वॉन्ट टू धिस' जमत नाही. धिस जमलं की क्रियापदाला आयएनजी.

आणि पाठवायच्या आधी त्याची जुनी मेल उघडून बघा, ऑर्डरबद्दल 'कॉल ऑफ' लिहिलंय की 'पुट ऑफ'. पुट ऑफ असेल तर ऑर्डर नुसती पुढे ढकललीय, तेव्हा विनवणीचं वाक्य काढा आणि नवीन तारीख विचारा.